मॉडेल रेल्वेवरील मालवाहतूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर चौदा फूट बाय नऊ फुटांच्या खोलीत मी एचओ प्रमाणातील, म्हणजे १:८७ या प्रमाणातील, एक लेआउट (रूळ, स्टेशने आणि परिसर यांची छोटी मांडणी) उभारला आहे. काळ साधारण १९७०च्या सुमाराचा धरलेला असून त्यात ग्वाल्हेर, बिर्लानगर आणि अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचे टोक एवढेच दाखवले आहे. रविवारी येणारी मंडळी बहुधा तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाची लिहून ठेवत आहे. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नांचे वजनही सारखे नाही.

गाडी रुळांवर गोल फिरते आहे, छान दिसते आहे. त्यापुढे आणखी काय करायचे असते?

ग्वाल्हेरच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये, असे मी गमतीने म्हणतो. जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या मेजावर रुळांवरून फिरणारी शिंद्यांची चांदीची गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेली असते. ती गाडीही गोलच फिरते. पण तिच्या डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार असत, आणि पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबत असे, जागेवर ठेवली की पुढे निघत असे. म्हणजे त्या गाडीत माल होता, मालाला गिऱ्हाईक होते आणि गिऱ्हाइकासाठी थांबा होता. मालवाहतुकीचे मॉडेल म्हणून माझ्या मते ती गाडी, हजारो रुपयांच्या इंजिनांमागे चाळीस रिकामे डबे जोडून तासन्तास फिरवल्या जाणाऱ्या कित्येक लेआउटांपेक्षा सरस आहे.

वास्तव वाटेल अशी मालवाहतूक म्हणजे प्रत्येक डब्याला कुठून तरी निघण्याचे आणि कुठे तरी पोचण्याचे कारण असणे. ते कारण एकदा ठरले की गाडी किती वाजता निघावी, तिला किती डबे लागावेत, कोणते आधी जोडावेत, हे सारे प्रश्न त्यातूनच उभे राहतात.

सुरुवात रुळांच्या आराखड्यापासून करावी की इंजिनापासून?

दोन्हींपासून नव्हे, मालापासून करावी. एक वही घ्यावी आणि आपण मांडत असलेल्या गावाला काय लागते व गाव काय बाहेर पाठवते, हे दोन रकान्यांत लिहावे. मी माझ्या काळातील ग्वाल्हेरसाठी असे लिहिले होते. बिर्लानगरच्या कापडगिरणीला कोळसा आणि कापसाच्या गाठी हव्यात. तिथून कापडाच्या गाठी बाहेर जातात. बिस्किटांच्या कारखान्याला मैदा, साखर आणि वनस्पती तूप लागते. तिथून खोकी निघतात. दाल बाजारातील अडत्यांचा हरभरा, गहू आणि मोहरी मालधक्क्यावरून चढते, तर मीठ, सिमेंट आणि गूळ उतरतो. ग्वाल्हेरचा वालुकाश्म फरशीच्या रूपात उघड्या डब्यांतून जातो. रॉकेल आणि पेट्रोल टाक्यांतून येते आणि टाक्या रिकाम्या परततात. शिवाय इंजिन शेडला स्वतःचा कोळसा लागतोच. लोक तो हमखास विसरतात.

ही यादी झाली की रूळ जवळजवळ आपोआप आखले जातात. कोळशासाठी एक साइडिंग (मुख्य मार्गापासून फुटणारा बाजूचा रूळ), कापसासाठी शेड, दगडासाठी धक्का, तेलासाठी वस्तीपासून जरा दूरची जागा. डब्यांचे प्रकारही ठरतात : कोळशाला उघडे, धान्याला बंद, तेलाला टाकी. आणि एक बारीक गोष्ट कळते, जी मला पुढे फार उपयोगी पडली. साखर घेऊन आलेला बंद डबा झाडून त्यातूनच बिस्किटांची खोकी बाहेर पाठवता येतात, पण कोळशाच्या उघड्या डब्यातून बिस्किटे जाणार नाहीत. म्हणून काही डबे दोन्ही वेळा भरलेले धावतात आणि काहींना एक फेरी रिकामीच करावी लागते. रिकाम्या डब्यांची ही ने-आण म्हणजे मालवाहतुकीचा जवळजवळ निम्मा उद्योग आहे.

कोणता काळ निवडावा? आजची रेल्वे का नको?

आजची रेल्वे जरूर निवडावी, पण ती निवडताना आपल्या हाती कोणता खेळ येतो ते आधी ओळखावे. १९८०च्या दशकात भारतीय रेल्वेने सुट्या डब्यांची वाहतूक मागे टाकून अखंड रेकची, म्हणजे डब्यांचा पूर्ण संच एकत्रच चालवण्याची, पद्धत अंगीकारली. एका ठिकाणी भरलेला संपूर्ण रेक वाटेत न तोडता थेट दुसऱ्या ठिकाणी रिकामा करायचा, असा तो हिशेब होता. त्यामुळे डबे वेगळे करून नव्या गाड्या बांधणारी मोठमोठी यार्डे ओस पडली. रेल्वेच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा होता, कारण पूर्वी एखादा डबा यार्डायार्डांत कित्येक दिवस अडकून पडे. आपल्या दृष्टीने मात्र त्यात शंटिंगची, म्हणजे डबे सोडण्या-जोडण्याची आणि जागेवर लावण्याची, सगळी मजा गेली.

शिवाय लांबीचा प्रश्न असतो. बॉक्सएन जातीचा एक कोळशाचा डबा कपलरसह, म्हणजे जोडणीच्या आकड्यांसह, १०.७१३ मीटर लांब असतो आणि पूर्ण रेकमध्ये असे ५८ डबे असतात. म्हणजे इंजिन व ब्रेक व्हॅन (गार्डाचा डबा) सोडूनच ६२१ मीटर झाले. एचओ प्रमाणात ते सात मीटरच्या वर जाते, आणि माझ्या खोलीची कर्णरेषासुद्धा तेवढी नाही.

म्हणून अंगण मोठे नसेल तर मी १९५० ते १९८० या काळाची शिफारस करतो. चारचाकी लहान डबे, प्रत्येक स्टेशनावर थांबून दोन डबे सोडणारी आणि तीन उचलणारी पिक-अप मालगाडी, धक्क्यावर एकेका व्यापाऱ्याचा एकेक डबा. हे सगळे लहान जागेत मावते आणि खोटे वाटत नाही. आधुनिक रेकविषयी पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे.

डबे किती असावेत?

जितके वाटतात त्यापेक्षा कमी. मी स्वतः पहिल्या दोन वर्षांत हौसेने चाळीसच्या वर डबे जमवले आणि सगळे रुळांवर मांडले. गाड्या चालवण्याच्या पहिल्याच सत्रात यार्ड असे तुंबले की इंजिनाला एक डबा बाहेर काढायला दुसरा कुठे ठेवावा हे कळेना, आणि शेवटी मी हाताने डबे उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. घरच्या मंडळींनी त्याला ‘क्रेनची सोय’ असे नाव दिले आहे.

त्यानंतर मी मोजणी केली. माझ्या लेआउटवर माल चढवण्या-उतरवण्याच्या जागा अठरा आहेत. त्यांपैकी एका वेळी दहा-अकराच भरलेल्या ठेवतो. यार्डातील तीन मार्गांपैकी एक कायम मोकळा असतो. शंटिंग करायचे म्हणजे डबे हलवायला रिकामी जागा हवी. उरलेले डबे कपाटात असतात आणि पाळीपाळीने येतात, त्यामुळे तेच तेच डबे पुन्हा दिसत नाहीत.

डबे लेआउटच्या बाहेर जातात म्हणजे नेमके कुठे जातात?

विंगेत जातात. अमेरिकेतील फ्रँक एलिसन यांनी १९४०च्या दशकातच लेआउटची तुलना रंगमंचाशी केली होती : गाड्या म्हणजे नट, वेळापत्रक म्हणजे संहिता. नाटकवेड्या मराठी माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपले गाव हा रंगमंच, आणि दोन्ही टोकांना पडद्यामागे काही रूळ असे ठेवायचे की जिथे गाड्या आपल्या प्रवेशाची वाट पाहत थांबतील. त्याला स्टेजिंग यार्ड म्हणतात. माझ्याकडे एका टोकाला कपाटाखाली तीन रूळ आहेत; ते झाशी. दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या फडताळामागे तीन आहेत; ते आग्रा. मुंबई, कानपूर, नागपूर ही सगळी गावे या दोन विंगांच्या पलीकडे आहेत आणि त्यांना एक इंचही जागा लागत नाही.

वॅगन कार्ड आणि बिल्टीची पद्धत कशी चालते?

कोणता डबा कुठे न्यायचा हे चालकाने मनाने ठरवले तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून अमेरिकेतील छांदिष्टांनी कार्डांची एक पद्धत रूढ केली आणि ती आजही सर्वांत सोपी आहे. मी तिला आपल्याकडची नावे दिली आहेत.

प्रत्येक डब्याचे एक कार्ड असते. त्यावर डब्याचा क्रमांक, जात आणि रंग लिहिलेला असतो, आणि खालच्या बाजूला एक छोटा खिसा चिकटवलेला असतो. माझी सगळी कार्डे जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची आहेत. ग्वाल्हेरात मराठी घरांतील लग्नांना तोटा नाही, त्यामुळे कच्चा माल अखंड मिळतो. खिशात एक चिठ्ठी असते, ती बिल्टी. बिल्टीला दोन्ही पाठींवर वर-खाली मिळून चार मजकूर असतात. उदाहरणार्थ, एका बंद डब्याची बिल्टी अशी आहे :

पहिला मजकूर : झाशीकडून, साखर, बिस्किट कारखाना. दुसरा : बिस्किट कारखाना, खोकी भरून, आग्र्याकडे. तिसरा : आग्र्याकडून, रिकामा, ग्वाल्हेर मालधक्का. चौथा : मालधक्का, हरभरा भरून, झाशीकडे.

सत्र संपल्यावर, ज्या डब्यांचे काम पुरे झाले त्यांच्या बिल्ट्या मी एक घर पुढे फिरवतो. पुढच्या रविवारी तोच डबा नव्या कामावर निघतो आणि चार रविवारांनी पुन्हा पहिल्या जागी येतो. चार मजकुरांचे चक्र ओळखीचे वाटू लागले की बिल्टी दुसऱ्या डब्याच्या खिशात घालायची. डब्याची जात मालाला चालेल एवढेच पाहायचे. लेआउटच्या कडेला प्रत्येक स्टेशनाखाली एक पेटी असते. गाडी डबा सोडून गेली की त्याचे कार्ड त्या पेटीत पडते, उचलून नेला की गार्डाच्या हातात येते.

आपल्या रेल्वेतही हे काही परके नाही. फॉरवर्डिंग नोट, रेल्वे पावती, डब्याच्या बाजूच्या खाचेत सरकवलेले पॉकेट लेबल, दारावरच्या सीलचे कार्ड, आणि गार्डाकडे असलेली डब्यांची यादी. प्रत्यक्ष डबा हलण्याआधी कागद हलत असे. खिसा असलेले कार्ड हे त्या पॉकेट लेबलचेच भावंड आहे, फक्त ते डब्याऐवजी आपल्या हातात राहते.

शंटिंग करताना नेमके काय होते? एखादे उदाहरण द्याल का?

बिर्लानगरचे देतो, कारण मी तेच सर्वांत जास्त वेळा केले आहे.

झाशीकडून आग्र्याकडे निघालेली पिक-अप लूपमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना मुख्य मार्गाला जुळणाऱ्या बाजूच्या रुळावर, येऊन उभी आहे. इंजिनामागे कोळशाचे दोन भरलेले उघडे डबे, मग कापसाचा एक बंद डबा, मग पुढे जाणारे तीन डबे आणि शेवटी ब्रेक व्हॅन. गिरणीच्या कोळसा साइडिंगमध्ये दोन रिकामे डबे निघण्याच्या तयारीत आहेत. या साइडिंगचा सांधा (रूळ जिथून फुटतो ती जागा) आग्र्याच्या बाजूला आहे, म्हणजे इंजिनाने पुढे जाऊन मागे सरकले की थेट आत शिरता येते. हा सोपा प्रकार.

सोपा असला तरी पाहा. इंजिन कोळशाचे दोन डबे घेऊन सुटते आणि सांध्यापलीकडे जाते. मागे सरकून साइडिंगमध्ये शिरते आणि रिकामे दोन डबे जोडते. चारही डबे बाहेर ओढते. मागे येऊन रिकामे दोन गाडीच्या तोंडाशी लावून सोडते. कोळसा घेऊन पुन्हा पुढे जाते, मागे सरकून तो साइडिंगमध्ये ठेवते, एकटे बाहेर येते आणि परत गाडीला जोडले जाते. दोन डबे आत आणि दोन बाहेर, एवढ्यासाठी इंजिन त्या एकाच सांध्यावरून आठ वेळा गेले. प्रत्येक वेळी सांधेवाल्याने सांधा फिरवायचा, शंटरने कपलिंग सोडायचे किंवा जोडायचे, आणि हात दाखवल्याशिवाय चालकाने हलायचे नाही. हे सगळे नीट केले तर दहा-बारा मिनिटे लागतात. धसमुसळेपणाने केले तर दोन मिनिटांत होते आणि मग गार्ड चहाला जातो.

आता कापसाचा डबा. कापसाच्या शेडचा सांधा उलट्या तोंडाचा आहे; गाडी ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने ती साइडिंग फुटते. इंजिन पुढे असताना डबा आत ओढला तर इंजिन आणि बाहेरची वाट यांच्यामध्ये डबा येईल आणि इंजिनच आत अडकून पडेल. म्हणून डबा एका मार्गावर सोडायचा, इंजिनाने लूपच्या दुसऱ्या मार्गाने वळसा घालून त्याच्या पाठीमागे यायचे आणि मग ढकलत न्यायचे. त्यातून शेडमध्ये आधीच दोन डबे उभे आहेत. तोंडाशी अर्धा उतरवलेला कापूस, आणि त्याच्या आत कापड भरून निघायला तयार असलेला डबा. तयार डबा काढायचा तर अर्धवट डबा आधी बाहेर आणावा लागतो, आणि काम झाल्यावर तो पुन्हा त्याच दारासमोर, फळी बसेल इतक्या नेमक्या जागी, नेऊन ठेवावा लागतो. हमालांचे काम अर्धे राहिलेले असते. हा अर्धवट डबा नवख्यांना फार छळतो. मी तो मुद्दाम ठेवतो.

गाडी बांधतानाही काही पथ्ये पाळावीत. एकाच साइडिंगचे डबे एकत्र ठेवावेत. तेलाच्या टाक्या वाफेच्या इंजिनाला थेट जोडू नयेत, मध्ये साधे डबे घालावेत. ब्रेक व्हॅन शेवटीच राहिली पाहिजे. ती विसरून गाडी निघाली तर गार्ड फलाटावर उभा राहतो.

माझ्याकडे फक्त एक फळी मावेल एवढी जागा आहे. मग काय?

मग इंग्लंडमधील ॲलन राइट यांचा ‘इंगलनुक’ आराखडा करावा. तीन साइडिंगा : एकीत पाच डबे मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. पुढे इंजिन आणि तीन डबे राहतील एवढाच मोकळा तुकडा. एकूण आठ डबे असतात. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी बांधायची. आठांतून पाच क्रमवार निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात, म्हणजे रोज एक खेळ केला तरी अठरा वर्षे पुरेल. चारचाकी डब्यांसह हे सारे एचओमध्ये सुमारे दीड मीटरच्या फळीवर बसते. माझी भाची यात माझ्यापेक्षा तरबेज आहे, आणि तिला इंजिनाचे नावसुद्धा ठाऊक नाही.

ग्वाल्हेरच्या छोट्या गाडीला मालवाहतुकीत काही काम देता येईल का?

सर्वांत चांगले काम तिलाच देता येते. शिंदे सरकारची ही दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीची रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, आणि तिचा सुमारे दोनशे किलोमीटरचा ग्वाल्हेर–श्योपूर मार्ग २०२० पर्यंत चालू होता. आपल्या आठवणीत ती टपावर माणसे बसलेली प्रवासी गाडी आहे. मॉडेलकाराने मात्र तिच्या मालाकडे पाहावे, कारण ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आणि ही ६१०ची. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाऊच शकत नाही. जौरा, कैलारस, सबलगढकडून आलेले धान्याचे पोते ग्वाल्हेरात माणसाच्या पाठीवरूनच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणार.

हा बदलीचा धक्का लेआउटवर करायला अगदी सोपा आहे : मध्ये छपराचा फलाट, एका अंगाला रुंद रूळ, दुसऱ्या अंगाला अरुंद. पण त्यातून उत्तम गुंता तयार होतो. माझ्या लेआउटपुरता मी नियम केला आहे की छोटे तीन डबे रिकामे झाले की मोठा एक भरतो. छोटी गाडी एका खेपेला दोनच डबे आणते. त्यामुळे मोठा डबा दुसऱ्या खेपेची वाट पाहत अडून राहतो, पिक-अप त्याला न घेता निघून जाते, आणि मालधक्क्याची जागा विनाकारण अडते. प्रत्यक्षात गेज बदलण्याच्या ठिकाणी व्यापाऱ्यांची जी चिडचिड होई, तीच इथे घड्याळाच्या काट्याबरोबर अनुभवाला येते.

प्रमाणाविषयी एक खुलासा. एचओमध्ये दोन फुटी रुळांची रुंदी नेमकी ७ मिलिमीटर येते, आणि ब्रॉडगेजची १९.३. बाजारातील एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. मी मोठ्यासाठी १६.५ आणि छोट्यासाठी ९ मिलिमीटरचे तयार रूळ वापरले आहेत. दोन्ही चुकीचे आहेत, मोठा अरुंद आणि छोटा रुंद. काटेकोर मंडळी यावर नाक मुरडतात. त्यांनी रूळ हाताने घडवावेत, माझी ना नाही.

वेळापत्रक आणि घड्याळ लागतेच का?

सुरुवातीला लागत नाही. पहिली दोन-तीन सत्रे केवळ कार्डांवर चालवावीत. मग चौपट वेगाचे घड्याळ आणावे. मोबाइलवर ते सहज मिळते. दोन तासांच्या सत्रात आठ तासांची एक पाळी पुरी होते. जागेअभावी माझा मार्ग एकेरी आहे, त्यामुळे मेल येण्यापूर्वी पिक-अपला मुख्य मार्ग मोकळा करावाच लागतो. पलीकडच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम आम्ही शेजारच्या खोलीत बसलेल्या काकांना मोबाइल लावून पाळतो. ते निवृत्त बँक अधिकारी असल्याने परवानगी देण्यापूर्वी दोनदा विचार करतात, आणि गाड्या खरोखरच उशिरा धावतात.

एकट्याला हे करता येते का?

येते. एका सत्रात एकच पिक-अप पुरी करावी. कार्डे करण्याचा कंटाळा असेल तर जेएमआरआय ही मोफत संगणक प्रणाली डब्यांची यादी छापून देते.

डबे मधेच सुटतात, घसरतात किंवा इंजिन अडखळते. अशाने शंटिंग कसे करायचे?

आधी ते थांबवावे, मग शंटिंग करावे. निम्म्या तक्रारी वजनाच्या असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असे असावे. चार इंची चारचाकी डब्याला तीन औंस, म्हणजे ८५ ग्रॅम. स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि थोडे लोखंडी नट यांवर हे काम भागते. वजन डब्याच्या तळाशी चिकटवावे, वर नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. ग्वाल्हेरचा जानेवारी आणि मे यांतील फरक सहज चाळीस अंशांचा असतो. तेवढ्यात रूळ मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. मी पहिले रूळ डिसेंबरात टोकाला टोक भिडवून बसवले होते; मे महिन्यात एका दुपारी ते कमानीसारखे फुगून वर आले. थंडीत रूळ घालत असाल तर रुळांच्या जोडांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवावी. लू सुटण्याच्या दिवसांत रुळांवर धूळ बसते आणि वीज पोचत नाही. सत्रापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती फडक्याने रूळ पुसावेत, आणि सत्र झाल्यावर जुनी चादर घालावी.

कपलिंग सोडण्यासाठी चुंबकी साधने मिळतात, पण विझलेल्या उदबत्तीची बांबूची काडी टोकाला चपटी तासून वापरली तर तेच काम होते. काडी दोन कपलरांच्या मध्ये वरून घालून किंचित फिरवायची. शंटर म्हणून काम करणाऱ्याच्या कानावर ती काडी अडकवलेली असावी, असा आमच्याकडे रिवाज आहे.

मला आधुनिक रेकच चालवायचे आहेत. त्यात काहीच करण्यासारखे नाही का?

आहे, पण ते वेगळ्या जातीचे आहे. अनेक साइडिंगांत पूर्ण रेक मावत नाही, म्हणून तो दोन भागांत तोडून लावतात. हे लेआउटवर उत्तम जमते. रेक रिकामा होईपर्यंत दुसरा दाराशी येऊन थांबतो आणि लूप अडवतो. चालक बदलतात, ब्रेकची तपासणी होते, एखादा डबा बिघडलेला निघाला तर तो मधून काढून बाजूला ठेवावा लागतो. यांतले प्रत्येक काम घड्याळावर मांडता येते. डब्यांची संख्या कमी करावीच लागेल. मला विचाराल तर दहाच्या खाली रेक रेकसारखा दिसत नाही.

डबा वेळेत रिकामा झाला नाही किंवा सत्र अर्धवट राहिले तर काय करावे?

डबा वेळेत रिकामा झाला नाही तर रेल्वे जे करते तेच करावे, डिमरेज, म्हणजे खोळंब्याचा आकार, लावावे. आमचा दर एका सत्रामागे डब्याला पाच रुपये असा आहे आणि तो त्या साइडिंगची जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्याने भरायचा. थंडीत त्या पैशांची गजक येते. बिर्लानगरची जबाबदारी घ्यायला हल्ली कोणी तयार होत नाही, त्याचे कारण तो अर्धवट कापसाचा डबा आहे.

सत्र अर्धवट राहिले तर काहीही हलवू नये. गाडी जिथे असेल तिथे उभी ठेवावी, कार्डे तिच्या शेजारी ठेवावीत आणि चादर घालावी. मागच्या रविवारी वीज गेली तेव्हा छोटी गाडी बदलीच्या धक्क्यापासून वीतभर अलीकडे होती, धान्याच्या दोन डब्यांसह. ती अजून तिथेच आहे, आणि फलाटापलीकडे मोठा डबा दार उघडे ठेवून तिसऱ्या डब्याची वाट पाहतो आहे.